मदत हवी आहे: शोधात ‘कोऱ्या’ जुळत नाही

सोलापुरातल्या चादरी-टॉवेलच्या दुकानासाठी मराठी-कन्नड मालयादी आहे, डेटाबेस यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत). ‘कोऱ्या’ लिहिताना काही कीबोर्ड ऱ (युनिकोड क्रमांक ०९३१) + हलंत (०९४डी) + य पाठवतात, काही र (०९३०) + हलंत + झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह, २००डी) + य. पडद्यावर दोन्ही सारखेच, शोधात मात्र जुळत नाहीत. एनएफसीनेही (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या युनिकोड रूपांचं एक रूप करणारी प्रक्रिया) फरक जात नाही, कारण ते झेडडब्ल्यूजेला हात लावत नाही. झेडडब्ल्यूजे सरसकट काढला तर रफार चढून ‘कोर्या’ होतं, हे चालणारच नाही! म्हणून ०९३०-०९४डी-२००डी च्या जागी ०९३१-०९४डी घालणार आहे.

हा बदल मूळ मजकुरातच करावा, की शोधासाठी वेगळा रकाना ठेवावा? रकान्याने जागा वाढेल (देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट), पण मूळ नोंद शाबूत राहील; माझा कल तिकडेच. कन्नडातही र-च्या रूपासाठी झेडडब्ल्यूजे वापरतात. तिथे फक्त शोधाच्या रकान्यातून तो काढला तर काही बिघडेल का?