5 डिग्री पाण्यात ट्राउटचं हृदय चालतं कसं?

गळवाला: रेनबो ट्राउट मासा हिवाळ्यात 4-5 डिग्रीतपण आरामात पोहतो म्हणे, आपलं हृदय एवढं गार पडलं तर बंदच होईल ना, मग याचं काय वेगळं आहे?

खारं_पाणी: ठोके त्याचेपण कमी होतात, पण थंडीत काही आठवडे राहिला की हृदयाचा जवनिका म्हणजे पंप करणारा कप्पाच मोठा होतो, मग प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त ढकलता येतं, शिवाय थंडीत रक्त घट्ट होतं ते ढकलायला जोर पण लागतोच. आणि खरी गंमत कॅल्शियमची, स्नायूला आकुंचनाचा इशारा तेच देतं, गारठ्यात स्नायूंना कॅल्शियम नीट जाणवत नाही, पण ट्राउटच्या हृदयातलं ट्रोपोनिन सी हे प्रोटीन सस्तन प्राण्यांपेक्षा जास्त सेन्सिटिव्ह असतं, थोड्यावर भागतं.

गळवाला: म्हणजे सगळे थंड पाण्यातले मासे असेच?

निवांत: छे, क्रुशियन कार्प उलटं करतो, गोठलेल्या तळ्याखाली सगळंच स्लो. आणि अंटार्क्टिकाचा आइसफिश बघ, उणे 1.9 पर्यंतच्या पाण्यात राहतो, हिमोग्लोबिनच नाही, रक्त जवळपास पारदर्शक! म्हणून हृदय भलंमोठं आणि रक्तपण जास्त. मला तरी हा ट्राउटपेक्षा भारी वाटतो.