मदत हवी आहे: कागदाचा पृथ्वीगोल वाळताना आत बसतो, शनिवारपर्यंत हवाय

विश्रामबागची आजी
नातवंडं शनिवारी सांगलीला येतायत. आठ दिवस घरातल्या घरात जगाची सफर करायची आहे. पासपोर्ट, तिकिटं, मग जपान, इजिप्त, केनिया, पेरू, आणि प्रत्येक देशाची एक वस्तू हाताने करायची. सगळं पृथ्वीगोलावर अडलंय. फुग्यावर कागद लावले की वाळताना एक बाजू आत जाते. पावसामुळे ऊन नाही. काय करू? व्हिडिओच्या लिंक नकोत, बघून झाल्या.

कागदकाम_मिरज
खळ कशाची? थर किती, आणि एकाच दिवशी लावले का? मुलांची वयं? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

हळदपेठ
गोल कशाला करत बसता? भिंतीवर जगाचा मोठा नकाशा लावा, पाच मिनिटांचं काम. आणि खळीत चिमूटभर मोरचूद घाला, झुरळं येत नाहीत, बुरशी धरत नाही.

माहुलीकर
मोरचूद विषारी असतं. लहान मुलं हात घालणार त्या खळीत ते अजिबात नको. बुरशीसाठी वाटीभर मैद्याला दोन चमचे मीठ घालून खळ शिजवा, नाहीतर सरळ फेविकॉलमध्ये निम्मं पाणी घाला. पावसाळ्यात फेविकॉलच बरा, लवकर वाळतो.
नकाशाचं म्हणाल तर मर्केटर पद्धतीच्या (गोल पृथ्वी सपाट चौकोनात ताणून काढलेल्या) नकाशावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. मुलांच्या डोक्यात पहिल्यांदा जे बसतं ते काढणं फार अवघड, म्हणून गोलच हवा.

हळदपेठ
लहान मुलांना ग्रीनलंडशी काय करायचंय?

प्रवासी_कराड
पासपोर्टबद्दल सांगतो. अल्पवयीन मुलांचा पासपोर्ट सहसा पाच वर्षं किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर चालतो. अर्ज ऑनलाइन भरून वेळ घ्यावी लागते, आईवडिलांची संमती लागते.

विश्रामबागची आजी
अहो, खेळातला पासपोर्ट हवाय! खळ मैद्याची, पाच थर एकाच दिवशी. नातू सव्वाचार वर्षांचा, नात नऊची.

कागदकाम_मिरज
आता कळलं. पाच थर एकदम लावले की बाहेरचा वाळतो आणि आतले ओले राहतात. रबरी फुग्याची हवा एक-दोन दिवसांत कमी होतेच, शिवाय रात्रीच्या गारव्याने तो आकसतो आणि ओला कागद आपल्याबरोबर आत ओढतो. दिवसाला दोनच थर, तेही पंख्याखाली टांगून, म्हणजे शनिवारपर्यंत होत नाही. त्यातून फुगा पेरूच्या फळासारखा असतो, विषुववृत्त नीट बसत नाही. फुगा सोडा.

मुलांचा २२ सेंमी व्यासाचा प्लॅस्टिकचा बॉल आणा आणि तो आतच राहू द्या. गुळगुळीत प्लॅस्टिकवर कागद धरत नाही, म्हणून आधी पॉलिश पेपरने घासा आणि वर्तमानपत्राच्या फाडलेल्या पट्ट्यांचा एक थर द्या. कात्रीने कापलेल्या पट्टीची कड उठून दिसते, फाडलेली बेमालूम बसते. त्यावर पांढऱ्या कागदाच्या बारा फाका, म्हणजे संत्र्याच्या फोडीसारख्या दोन्ही टोकांना निमुळत्या पट्ट्या. परीघ टेपने मोजा, साधारण ६९ सेंमी भरेल. मग फाक ३४.५ सेंमी लांब आणि मध्यावर ५.८ रुंद. विषुववृत्तापासून ३० अंश अक्षांशावर रुंदी ५ सेंमी, ६० अंशांवर २.९, टोकाला शून्य. फेविकॉल बॉलला लावा, कागदाला नको. ओला कागद फुगतो आणि फाका एकमेकींवर चढतात. मोजणं नातीकडे, निळा रंग नातवाकडे. भारत दक्षिणोत्तर साडेपाच सेंमी येईल.

वाचक_वाई
हिमालय मातीने उठावदार केला तर छान दिसेल.

माहुलीकर
नको. या प्रमाणात एव्हरेस्ट ०.१५ मिमी होतो, म्हणजे ड्रॉइंग पेपरच्या जाडीएवढा. रंगाने दाखवा.
बारा फाकांचा आणखी एक फायदा: एक फाक ३० अंश रेखांशांची, म्हणजे पृथ्वी दोन तासांत फिरते तेवढी. अंधारात टॉर्च धरून गोल पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरवा, जपानला उजेड आधी पोचतो. तिकिटावर तिथली वेळ नातीला काढू द्या: जपान आपल्यापुढे साडेतीन तास, केनिया मागे अडीच, पेरू मागे साडेदहा. इजिप्त उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतं, तेवढं बघून घ्या.
इजिप्तला खुफू राजाचा पिरॅमिड १:१००० करा. तळ २३ सेंमीचा चौरस, चार त्रिकोणांची उंची १८.६ सेंमी. मूळ उंची १४६.६ मीटर होती म्हणून त्रिकोणच १४.७ चा कापला तर पिरॅमिड जेमतेम नऊ सेंमीचा होतो, कारण त्रिकोण तिरका उभा राहतो.

शिवणकाम_आवडतं
पासपोर्ट: ए-४ चे तीन कागद मधोमध कापा, सहा तुकडे दुमडून एकात एक घाला, २४ पानं. वर जुन्या लग्नपत्रिकेचं जाड कव्हर. साधा स्टेपलर घडीपर्यंत पोचत नाही, दाभणाने तीन भोकं पाडून शिवा. शिक्क्याला बटाटा. अक्षरं उलटी कोरायची, आणि कापलेली बाजू फडक्याने पुसून दहा मिनिटं वाळू द्यायची, नाहीतर रंग पसरतो. रंग स्पंजवर घ्या, बटाटा रंगात बुडवू नका. सव्वाचारच्या हाती सुरी नको, त्याला भेंडीचा देठाकडचा कापलेला तुकडा द्या, फुलाचा शिक्का आयता उमटतो.

तासगावचा_बेदाणा
पेरूला शिक्का बटाट्याचाच मारा, बटाटा त्याच डोंगराळ भागातला. खरं तर सफर स्वयंपाकघरातून सुरू करावी. मिरची, शेंगदाणा, टोमॅटो सगळं अमेरिका खंडांतून आलेलं. आपल्याकडे बेदाण्याला द्राक्षं बुडवायचं द्रावण वापरतात, ती पद्धतही ऑस्ट्रेलियातून आलेली.

हळदपेठ
हळद मात्र इथून बाहेर जाते, तेही दाखवा. सांगलीपासून दोरा लावा.

विश्रामबागची आजी
बॉल आजच आणते. दोरा गोलावर टिकेल कशाने, टाचणी प्लॅस्टिकमध्ये घुसली तर हवा जाईल ना?

कागदकाम_मिरज
जाईल. टाचणी नको. सुती दोऱ्याच्या दोन्ही टोकांना फेविकॉलचा ठिपका द्या आणि वर टिकलीएवढा कागद चिकटवा.