कॅम्पसच्या वार्तापत्रात 'यश' म्हणून नक्की काय छापावं?

हिरवीपाटी

नमस्कार मंडळी. मी एका अभिमत विद्यापीठाच्या आरोग्य विज्ञान कॅम्पसमध्ये बी.एस्सी. एमएलटीच्या (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञान) दुसऱ्या वर्षाला आहे. (नाव सांगत नाही, आमचे सर इथे गुपचूप वाचतात अशी दाट शंका आहे.) मराठी बरं लिहिते या एकाच गुन्ह्यासाठी तिमाही वार्तापत्राचं 'घडामोडी आणि यश' हे पान माझ्या गळ्यात पडलंय.

विभागांकडून येणारा मजकूर सगळा एका साच्यातला असतो. 'जागतिक फिजिओथेरपी दिन उत्साहात साजरा', 'अमुक संस्थेशी सामंजस्य करार', 'तमुक मान्यवरांची सदिच्छा भेट', आणि खाली दहा जण ओळीत उभे, मधल्याच्या हातात पुष्पगुच्छ. दंत, नर्सिंग, फार्मसी, सगळ्यांचं तेच. छापून आलं की ज्याचा फोटो तोच वाचतो.

या वेळी दोन ठिकाणी अडलेय. एक, शस्त्रक्रिया विभागाने बातमी पाठवलीय, 'महाराष्ट्रातील पहिलीच शस्त्रक्रिया'. कशावरून पहिली, असं विचारलं तर म्हणे गुगलवर दुसरी सापडत नाही. दुसरं, आमच्या रक्तपेढीतले सर चहा पिता पिता सहज बोलून गेले की गेल्या महिन्यात 'बॉम्बे' या दुर्मिळ रक्तगटाची एक पिशवी रात्रीच्या बसने शेजारच्या जिल्ह्यात पाठवली आणि तिथल्या एका बाळंतिणीला ती चढली. हे त्यांनी 'यश' म्हणून पाठवलेलंच नाही. म्हणाले, 'त्यात काय, ते आमचं कामच आहे.'

मला तर हीच खरी बातमी वाटते. पण लिहायची कशी? आणि त्या 'पहिली'चं काय करू?

ताकपिऊन

शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह यांचे फोटो एकदाच काढून ठेवा, दर अंकात फक्त माणसांची नावं बदला. आमच्या कॉलेजात एका पुष्पगुच्छावर तीन पाहुणे काढले होते. तिसऱ्या पाहुण्याच्या हातात नुसती पानं होती. गंभीर उत्तर कोणीतरी देईलच.

जुना_परळकर

गंभीर उत्तर मी देतो. अगं-तुगं करतो, राग मानू नकोस, माझ्या नातीच्या वयाची असशील. मी मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात रक्तपेढीत टेक्निशियन होतो, तिथूनच रिटायर झालो. त्यामुळे तुझा दुसरा प्रश्न आधी.

'दुर्मिळ रक्तगट', 'वेळेवर मदत', 'जीवदान' असलं काही लिहू नकोस. त्यातून वाचकाला काही कळत नाही. कळायला हवं ते हे, की त्या बाईचा गट बॉम्बे आहे हे कुणाच्या आणि कसं लक्षात आलं. कारण सरळ तपासणीत हे रक्त 'ओ' दिसतं. अँटी-ए (ए पेशींच्या गुठळ्या करणारं द्रावण) टाका, काही नाही. अँटी-बी टाका, काही नाही. घाईतला माणूस 'ओ' लिहून मोकळा होतो. नंतर उलट बाजूची तपासणी असते. पेशंटचा सीरम (रक्तातल्या पेशी काढून उरलेलं पाणी) घ्यायचा आणि ए, बी, ओ अशा तिन्ही पेशींवर घालायचा. पेशंट खरंच ओ असेल तर ओ पेशींना त्याच्या सीरमने काही करायला नको. सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब काढून हळूच तिरकी केली की तळाचं लाल बटण धुरासारखं विरत वर येतं. बॉम्बेवाल्याच्या ट्यूबमध्ये तसं होत नाही. बटण अख्खंच्या अख्खं सुटतं आणि हलवत राहिलं तरी गुठळी ती गुठळीच. मग पेशंटच्या स्वतःच्या पेशी त्याच्याच सीरमबरोबर लावून बघायच्या. त्या स्वच्छ आल्या की संशय बळावतो. शेवटी अँटी-एच. ते युलेक्स नावाच्या काटेरी झुडपाच्या बियांपासून काढतात. साधं ओ रक्त त्यात कचकून गुठळतं, बॉम्बे मख्ख बसतं.

कारण असं, की ए आणि बी हे दोन्ही 'एच' नावाच्या पायावर उभे राहतात. ओ माणसाकडे नुसता पाया असतो. बॉम्बेवाल्याकडे पायाच नाही, त्यामुळे त्याचं शरीर एचच्या विरुद्धही प्रतिपिंडं तयार करतं. म्हणून ज्याला आपण सगळ्यांना चालणारं म्हणतो ते ओ-निगेटिव्हसुद्धा या माणसाला घातक. त्याला बॉम्बेच लागतं. मुंबईत जुन्या पाहणीत 7,600 माणसांत एक असं प्रमाण आलं होतं. युरोपात तर दहा लाखांत एखादा. दाता शोधताना आधी सख्खी भावंडं बोलावतात. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक भावंडामागे चारात एक शक्यता. हे एक वाक्य तुझ्या बातमीत आलं तरी पानाचं सार्थक, कारण ते वाचून एखाद्या गावातला कुणी आपल्या भावाला तपासायला घेऊन येईल.

हा गट 1952 साली आमच्याच आवारातून जगापुढे गेला. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकारी, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात. सोबत लंडनच्या रेस, सँगर, मॉर्गन, वॉटकिन्स यांची नावं आहेत, कारण इथलं रक्त तिकडेही तपासलं गेलं. मी लागलो तेव्हा या गोष्टीला पंचवीसेक वर्षं झाली होती, पण नव्या माणसाला पहिल्या आठवड्यातच ऐकवली जायची. कौतुक म्हणून नव्हे, दम म्हणून. 'ओ सेलची ट्यूब वगळलीस तर बघ.'

आता 'पहिली'. इथे जरा जास्त लिहितो.

फेब्रुवारी 1968 मध्ये डॉ. पी. के. सेन यांनी केईएममध्ये हृदयाचं प्रत्यारोपण केलं. बर्नार्डने जगातलं पहिलं केपटाऊनला केलं त्याला तीन महिनेही झाले नव्हते. देशातलं पहिलं, यात वाद नाही. पेशंट काही तासच जगला. देशात यशस्वी प्रत्यारोपण व्हायला 1994 उजाडावं लागलं, दिल्लीच्या एम्समध्ये, डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून. आता 'केईएममध्ये देशातील पहिलं हृदय प्रत्यारोपण' एवढंच छापलं तर ओळ खरी आणि बातमी अर्धी. पेशंटचं काय झालं ते पुढच्याच वाक्यात यायला हवं. सेनसाहेब त्याने लहान होत नाहीत.

दुसरी गोष्ट मी होतो तेव्हाची. 6 ऑगस्ट 1986, टेस्टट्यूब बेबी हर्षाचा जन्म. डॉ. इंदिरा हिंदुजा केईएमच्या, आणि प्रयोगशाळेची बाजू आमच्या भिंतीला लागून असलेल्या प्रजनन संशोधन संस्थेची, डॉ. टी. सी. आनंद कुमार यांची. वॉर्डाबाहेर पत्रकारांची ही गर्दी. आमच्या वॉर्डबॉय मामांनाही कुणीतरी 'तुमचं मत काय' विचारलं होतं. भारतातली पहिली टेस्टट्यूब बेबी म्हणून पेपर भरले.

पण त्याआधी, 3 ऑक्टोबर 1978 ला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयोगातून एक मुलगी जन्मली होती. इंग्लंडच्या लुईस ब्राऊननंतर जेमतेम सव्वादोन महिन्यांनी, आणि गोठवून ठेवलेल्या भ्रूणापासून. सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं, त्यांची बदली झाली, 1981 मध्ये त्यांनी जीव दिला. आणि त्यांची वही उघडून, वाचून, 'पहिला मान यांचा' असं 1997 मध्ये 'करंट सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात लिहिलं ते कुणी? याच आनंद कुमारांनी. ज्यांचा मान त्यामुळे दुसरा ठरणार होता त्यांनीच. आता हर्षाच्या बाबतीत 'शास्त्रीय नोंदींसह पहिली' असं म्हणतात, तो शब्द उगाच आलेला नाही.

केईएमला एवढं झालं तर तुमच्या विभागाच्या गुगलचं काय घेऊन बसलीस! सरळ लिही, 'आमच्या रुग्णालयात ही शस्त्रक्रिया प्रथमच झाली'. ते सिद्ध करता येतं, ओटीचं (ऑपरेशन थिएटरचं) रजिस्टर आहे. पुढे लिही की याआधी असा पेशंट आला की कुठे पाठवावा लागायचा. त्या पेशंटचा तो प्रवास वाचला, हीच त्यातली बातमी.

धामकाठचा

परळकरकाका, सलाम. पण तुम्ही सगळे दाखले ओटी नाहीतर लॅबचेच दिले. मी सेवाग्रामचा, एमजीआयएमएसचा (महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था). 1969 मध्ये सुशीला नायर यांनी काढलेलं, देशातलं पहिलं ग्रामीण मेडिकल कॉलेज. (हा 'पहिला' आम्ही बिनधास्त वापरतो.) आमच्याकडे पहिल्याच वर्षी अख्खी बॅच एका खेड्यात शिबिराला जाते आणि प्रत्येकाला काही घरं वाटून देतात. शिबीर संपलं तरी ती घरं सुटत नाहीत.

माझ्या एका घरात सहा महिन्यांची पोरगी होती. झोळीचा काटा आढ्याला टांगायचा, पोर त्यात बसवायची, ती कोकलायला लागायची, काटा थरथरायचा आणि आजी ओरडायची, 'काहून लटकवता जी तिले!' वजन दर महिन्याला तेवढंच. औषधं देऊन झाली, काही फरक नाही. मग कळलं की आई पहाटे निंदणाला जायची आणि पोरीला दिवसभर बिस्किटं आणि काळा चहा. पुढचे काही महिने मी डॉक्टरकी कमी आणि आजीशी भांडणं जास्त केली. दिवाळीच्या सुमारास आलेख वर सरकला. हे कोणत्या विभागाचं यश? कोणी पाठवणार तुमच्या पानाला?

माझं म्हणणं, तुमच्या कॅम्पसच्या ग्रामीण केंद्रावर जा. तिथल्या एएनएमताईंच्या, म्हणजे गावात फिरणाऱ्या नर्सताईंच्या, बाजूला बसून त्यांचं रजिस्टर उघडा. सेवाग्रामच्या आसपास डॉ. उल्हास जाजू यांनी गावकऱ्यांकडून सुगीच्या वेळी ज्वारी घेऊन आरोग्य विमा चालवला. पायलीच्या मापाने विमा! त्यात फीत कापण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्याच्या बातम्याही कमी झाल्या.

जुना_परळकर

@धामकाठचा, मान्य. मी भिंतीआडचा माणूस, मला ट्यूबच दिसणार.

मांडवीकाठ

'पहिला' आणि 'सर्वांत जुना' हा आम्हा गोवेकरांचा जिव्हाळ्याचा विषय, म्हणून दोन पैशे माझे. आमच्या पणजीच्या मेडिकल स्कूलची रीतसर स्थापना 1842 ची. 'आशियातलं सर्वांत जुनं' असं इथे लहान पोरही सांगतं. पण कोलकाता आणि मद्रास दोन्ही 1835 ची. मग आमचे लोक म्हणतात, आमच्याकडे त्याआधीपासून राजेशाही इस्पितळात शिकवत होते. शिकवत होते हे खरंच आहे. म्हणजे कॉलेज कशाला म्हणायचं यावर सगळं अडलंय, आणि प्रत्येकजण आपल्याला सोयीचं साल धरतो. मुक्तीनंतर 1963 मध्ये ते गोवा मेडिकल कॉलेज झालं, आता बांबोळीला आहे. ओपीडीतल्या रांगेत उभ्या माणसाला या वादाचं काही पडलेलं नसतं, एवढं खरं.

ताकपिऊन

गोव्याचं नाव निघालं की वाद आणि वादात जेवणाची वेळ. हिरवीपाटी, मसुदा टाका की इथेच.

हिरवीपाटी

टाकतेय. सरांकडे जाऊन बसले होते. आधी 'अगं कशाला' म्हणाले, नंतर स्वतःच रजिस्टर काढून दिलं.

'रात्री साडेनऊला शेजारच्या जिल्ह्यातील रुग्णालयातून फोन आला. प्रसूतीनंतर रक्तस्राव झालेल्या एका महिलेचा गट तिथे ओ आला होता, पण ओ गटाची एकही बाटली जुळत नव्हती. तिथल्या ड्युटीवरील टेक्निशियनने उलट तपासणीत ओ पेशींच्या गुठळ्या पाहून बॉम्बे गटाची शंका घेतली. आमच्या नोंदवहीतील एका दात्याला (नाव, गाव) रात्री बोलावून रक्त घेण्यात आले. तपासण्या पूर्ण करून पहाटे तीनच्या बसने थंड पेटीतून ते रवाना झाले. क्रॉसमॅच (दात्याचे रक्त रुग्णाला चालते का ही तपासणी) जुळला. महिलेची प्रकृती आता ठीक आहे.'

सरांचं नाव घातलं तर रागावतील. दात्याचं नाव मात्र घालावं असं वाटतंय, मोटरसायकलवरून एवढ्या रात्री आला बिचारा. आणि एक गंमत, शस्त्रक्रिया विभागाने 'आमच्या रुग्णालयात प्रथमच' ला मान हलवली, पण फोटोत एचओडी (विभागप्रमुख) हवेतच म्हणे.

जुना_परळकर

छान उतरलंय. चार दुरुस्त्या.

दात्याचं नाव आणि गाव दोन्ही काढ. त्याने लेखी परवानगी दिली तरी काढ. बॉम्बेवाल्याचा पत्ता एकदा बाहेर पडला की लोक थेट त्याच्या दारात उभे राहतात, रक्तपेढीला न विचारता, आणि दर तीन महिन्यांआत त्याचं रक्त घेता येत नाही हे कुणी ऐकत नाही. गाडीवरून आला तेवढं राहू दे. महिलेचीही ओळख पटेल असं काही नको. जिल्ह्याचं नाव घातलेलं नाहीस ते बरोबर.

तिकडच्या टेक्निशियनला तू वाक्य दिलंस, ते कुणी कापायला सांगितलं तर कापू देऊ नकोस. पिशवी तुमची, पण पकड त्याची आहे. त्यांच्या रक्तपेढीला अंकाची एक प्रत पोस्टाने पाठव.

'प्रकृती आता ठीक' हे कुणी सांगितलं, कधी? फोन करून विचार आणि तारीख घाल. नाही कळलं तर क्रॉसमॅचपाशी थांब.

आणि 'बाटली' कुठून आली गं? काचेच्या बाटल्या आमच्या काळातच गेल्या. पिशवी लिही, नाहीतर तुझे सरच पहिले हसतील.