डंडीचा ताग आणि व्हेलचं तेल

स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या गिरण्यांत ताग मऊ करायला व्हेलचं तेल वापरत. नुसतं पाणी मारून का भागत नव्हतं? पाणी उडून जातं आणि धागा पुन्हा काडीसारखा कडक होतो. तेल टिकतं.

कलकत्त्याहून येणाऱ्या गाठी दाबून इतक्या घट्ट केलेल्या असत की आतला ताग फळीसारखा निघे. तो सुटा करून खाचदार रुळांतून मऊ करत, त्यावर व्हेलचं तेल आणि पाणी शिंपडत आणि एखादा दिवस ढीग लावून मुरू देत. मग पिंजण, मग कताई. तेल कमी पडलं की धागे पिंजताना तुटत, धूळ उडे आणि चात्यांवर सूत सारखं तुटायचं. जास्त झालं तर गोणपाटाला डाग आणि वास. ढीग फार दिवस राहिला तर आतून तापून ताग कुजे, हा प्रकार तर सर्वांत महागात पडणारा. व्हेलची शिकार करणारी जहाजं डंडीच्याच बंदरातली, त्यामुळे तेल दारातच होतं.

कामगारांत बायकांचं प्रमाण जास्त, कारण मजुरी कमी द्यावी लागे. घरी बसलेल्या नवऱ्यांना गावात ‘केटल बॉयलर’ (किटली उकळणारे) म्हणत. विणकर बायका हॅट घालून कामावर जात, कताईवाल्या शाल पांघरून. दोघींचं फारसं जमत नसे. डंडीच्या लॉकी भागातली कॉक्स बंधूंची कॅम्परडाउन गिरणी तर एक गावच होती.

आणि 1855 मध्ये कलकत्त्याजवळ रिश्राला हुगळीकाठी भारतातली पहिली ताग गिरणी निघाली, ती डंडीच्याच यंत्रांवर!