मदत हवी आहे : मुलीच्या पायलट कोर्सचं टोकन शुक्रवारपर्यंत भरायचं आहे, भरू का?

दारव्ह्याचा_शेतकरी :
लवकर सांगा, वेळ नाही. मुलीला पायलट व्हायचं आहे. एकानं सीट धरून ठेवली आहे, ५० हजार टोकन मागतो. म्हणतो, ह्याच कोर्समध्ये कोलांट्या मारायलाही शिकवू. नागपूरला वायुसेनेच्या सूर्यकिरण या कसरती पथकाची ९ विमानं पाहून आल्यापासून पोरीचं तेच सुरू आहे. अंगणात तळहात पालथा करून दाखवते, "बाबा, इथं पायलटचं डोकं जमिनीकडं असतं." भरू का नाही, एवढंच सांगा.

वर्धेकर_सर :
वय किती? बारावी झाली का? चष्मा? संस्था डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या, मान्यताप्राप्त यादीत आहे का?

दारव्ह्याचा_शेतकरी :
वय १७. बारावी सायन्स झाली. चष्मा नाही. यादीचं मला कसं माहीत असणार? भरू का?

बिरसीला_शिकलेला :
भाऊ, थांबा. मी गोंदियाजवळ बिरसीला विमान उडवायला शिकलो. पगारी पायलट व्हायला जे कमर्शियल लायसन्स लागतं, त्याच्या २०० तासांच्या उड्डाणात कोलांट्या नसतात. सेसना १७२ या शिकाऊ विमानावर पालथं उडायला मनाईच आहे. पेट्रोलच्या टाक्या वर पंखांत, पेट्रोल वजनानं खाली उतरतं. विमान पालथं धरलं की पुरवठा तुटतो. त्या कामाला एक्स्ट्रा ३०० सारखं वेगळं विमान लागतं, ते १० जी, म्हणजे वजनाच्या दहापट जोर सोसतं. आपलं सेसना ३.८ पर्यंतचं.

आम्हाला स्टॉल शिकवला, म्हणजे वेग कमी पडून पंखांची उचल सुटते ते. पॉवर कमी, नाक वर, वेग उतरत जातो. डाव्या पंखातला भोंगा बारीक रडायला लागतो, मग नाक धपकन खाली. तेव्हा हात मागं ओढायला पाहतो. तो आवरून योक, म्हणजे हातातला दांडा, पुढं सोडायचा, पूर्ण पॉवर द्यायची. पहिल्यांदा माझ्या तळव्यांना घाम सुटला होता. तुमच्या पोरीला हे आवडेल. पण कोलांट्यांचं आमिष दाखवणारा माणूस मला पटत नाही.

वर्धेकर_सर :
कोर्सवर ४०-५० लाख घालण्यापेक्षा एनडीएची, म्हणजे सैन्यदलांचे अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीची, परीक्षा द्या. मुलींनाही प्रवेश आहे, शिक्षणाचा खर्च सरकारचा. सूर्यकिरणमध्ये जायचं तर वाट वायुसेनेतूनच. कॉलेजात एनसीसीची एअर विंग मिळाली तर मायक्रोलाइट या छोट्या हलक्या विमानातही बसता येतं.

बिरसीला_शिकलेला :
सर, एनडीएत लाखो पोरं बसतात. निवड नाही झाली तर पोरीनं उडायचंच नाही का? आधी क्लास २ मेडिकल, म्हणजे पायलटची पहिली वैद्यकीय तपासणी, करून घ्या, रंग ओळखण्याची तपासणी त्यातच होते. नापास झाली तर सगळा खर्च वाचतो.

वर्धेकर_सर :
निवड होणार नाही असं आधीच कसं ठरवता? माझे दोन विद्यार्थी गेले आहेत.

पऱ्हाटीवाला :
मले सांगा, वावर इकून पैसा लावता का? कापसाच्या भावावर हे काम होत नाही. त्यापेक्षा फवारणीच्या ड्रोनचं शिकवा. दहावी पास अन् १८ पूर्ण पाहिजे, आठवडाभराचं काम. गावातच धंदा होते.

दारव्ह्याचा_शेतकरी :
ड्रोनचं विचारलं नाही भाऊ. वावर विकणार नाही, कर्ज काढतो.

बिरसीला_शिकलेला :
एक राहिलं. सायन्स म्हणता, त्यात गणित आहे ना?

दारव्ह्याचा_शेतकरी :
नाही. नीटसाठी बायो घेतलं, गणित अकरावीलाच सोडलं. का?

बिरसीला_शिकलेला :
मग टोकन मुळीच भरू नका. कमर्शियल लायसन्सला बारावीचं फिजिक्स आणि गणित दोन्ही लागतात. टोकनवाल्यानं मार्कशीट मागितली होती का?

दारव्ह्याचा_शेतकरी :
नाही. आधार कार्डाचा फोटो अन् पैसे.

वर्धेकर_सर :
हे मीच पहिल्यांदा विचारायला हवं होतं. एनडीएतून वायुसेनेलाही गणित लागतं. पण वाट बंद नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावीचा नुसता गणिताचा पेपर देता येतो. लायसन्स १८ व्या वर्षीच मिळतं, तोवर पेपर निघेल.

दारव्ह्याचा_शेतकरी :
त्याला फोन केला, शुक्रवारी पैसे येणार नाहीत म्हणून सांगितलं. तो सीट जाईल म्हणाला, मी जाऊ दे म्हटलं. पोरगी तासभर कोणाशी बोलली नाही. आता शेजारच्या पोराकडून अकरावीचं गणित घेऊन आली आहे, ओट्यावर बसली आहे. मुक्त विद्यालयाचं केंद्र यवतमाळात आहे का अमरावतीला जावं लागेल? कोणी फॉर्म भरला असेल तर आजच सांगा.