कारखान्याला २५ वर्षं होताहेत, साहेबांना ‘अर्थपूर्ण’ कार्यक्रम हवाय. कोटेशनमध्ये नक्की काय लिहू?

मोशीची_मंडपवाली:
नमस्कार मंडळी. मोशीत आमची तिघांची छोटी इव्हेंट कंपनी आहे. बारशी, साखरपुडे, डीलर मेळावे यात हात बसलाय. आता भोसरी एमआयडीसीतल्या एका ऑटो पार्टच्या कारखान्याचं काम आलंय. २२० कायम कामगार, ९०च्या आसपास ठेकेदाराचे, बजेट ६ लाख. मालक म्हणाले, “डीजे आणि लकी ड्रॉ पुष्कळ झाले. लोकांच्या लक्षात राहील असं काहीतरी अर्थपूर्ण करा.” दुसऱ्या दिवशी एचआर मॅडमची यादी आली: एलईडी वॉल, मालिकेतला एखादा चेहरा, मोटिव्हेशनल स्पीकर, ऑर्केस्ट्रा, जमलं तर ड्रोन शो. सहा लाखांत! आता मालकांचं ऐकू की मॅडमचं? आणि ‘अर्थपूर्ण’चा रेट काय लावू?

गोकुळशिरगावची_वहिनी:
यादी बाजूला ठेव गं. आधी एवढंच विचार, की ६ लाख जीएसटी धरून की सोडून? धरून असतील तर त्यातला १८ टक्क्यांचा कर (६ लाख भागिले १.१८) काढून तुझ्या हातात सुमारे ५ लाख ८ हजार उरतात. त्यात मालिकेतला चेहरा आणला की जेवणात पुरी-भाजीच राहते, आणि कामगार जेवणावरूनच कार्यक्रम जोखतो.

मी कोल्हापूरकडच्या फाउंड्र्यांची (धातू ओतणाऱ्या कारखान्यांची) कामं करते. सरळ सांगते, स्टेजवर काय चाललंय यावर फार थोडं अवलंबून असतं. कुणाला बोलावलं, कधी बोलावलं आणि कुणाचं नाव घेतलं, खरा कार्यक्रम तिथे ठरतो.

वार आधी पक्का कर. तुमच्याकडे भोसरीला सुट्टी गुरुवारची. पण शाळा गुरुवारी चालू असते, म्हणजे घरच्यांना बोलवायचं तर दुपारी चारनंतर. आणि बुधवारची नाईट करून सकाळी घरी गेलेला माणूस झोपून उठून येणार आहे, हे मॅडमच्या ध्यानात आणून दे. तिसऱ्या शिफ्टवाल्यांना कार्यक्रमाचे फक्त फोटो मिळतात, ही सगळीकडची तक्रार आहे.

आता मुख्य गोष्ट. हॉल घेऊच नकोस, कारखान्यातच कर आणि घरच्यांना शॉप फ्लोअर दाखव. बाप २० वर्षं व्हीएमसी (धातू कापायचं कॉम्प्युटरवरचं मशीन) चालवतो, पण पोरांना ‘कंपनीत आहे’ यापलीकडे काही ठाऊक नसतं. मशीनपाशी तोच माणूस उभा राहील आणि तोच समजावून सांगेल. गाईड नको, अँकर तर नकोच. मशीनचा मेन स्विच बंद आणि त्याला कुलूप, चावी मेंटेनन्सकडे. पंधरा-पंधराचे गट, पिवळ्या पट्ट्यांच्या आतून चालायचं, चपला नकोत, पायात बंद बूटच हवेत. सेफ्टी ऑफिसरला पहिल्याच मीटिंगला बसव, म्हणजे तो शेवटच्या दिवशी आडवा येणार नाही. एका टेबलावर कंपनीचा पहिला जॉब (म्हणजे बनवलेला पार्ट) आणि आजचा जॉब शेजारी-शेजारी मांड, हातात घेऊन बघू दे लोकांना. याचा खर्च? कापडी फलक, टेबलं आणि चार दिवसांची तुझी पायपीट. तुझी फी या पायपिटीची लाव, टक्केवारीवर राहू नकोस. एलईडी वॉलवर मार्जिन सुटतं म्हणून आपण ती विकतो, हे आपल्यातच राहू दे.

सत्कार फक्त २५ वर्षं पूर्ण झालेल्यांचे स्टेजवर. चाळीस जणांना दीड-दीड मिनिट दिलं तरी तास गेला, आणि पंधराव्या शालीनंतर टाळ्या वाजत नाहीत. बाकीच्यांना मालकांनी आदल्या आठवड्यात मशीनवर जाऊन भेट हातात द्यावी. नावांची यादी एचआरच्या एक्सेलवरून घेऊ नकोस, त्यात स्पेलिंगवरून ‘ढोले’चे ‘ढोळे’ होतात. प्रत्येक सुपरवायझरसमोर बसून नावं उच्चारून घे.

साऊंड आवारात उघड्यावर असेल तर रात्री १०ला बंद, हे धरूनच क्रम आख.

रिटायर_फिटर:
मी इव्हेंटवाला नाही, चिंचवडला ३१ वर्षं फिटर होतो. आमच्याकडे दर खंडेनवमीला मशीन धुऊन-पुसून झेंडूचं तोरण बांधून पूजा व्हायची, त्या दिवशी बायका-पोरं यायची. कुणी इव्हेंट कंपनी लागली नाही, माफ करा ताई. रौप्यमहोत्सव दसऱ्याच्या सुमारास नेता आला तर बघा, अर्धं काम लोक स्वतःच करतील. आणि जेवणाला साहेबांचा वेगळा काउंटर लावू नका. बाकी सगळं चांगलं झालं तरी लोक तेवढंच घरी जाऊन सांगतात. निवृत्त झालेल्यांना बोलावणार का, ते कुठे दिसलं नाही.

एचआर_पण_माणूस:
वहिनींचं पटलं, फक्त ठेकेदाराच्या ९० जणांचं कुणी बोललं नाही. कंपनी त्यांना थेट भेटवस्तू किंवा प्रमाणपत्र द्यायला कचरते. उद्या कोर्टात ‘आम्ही कंपनीचेच कामगार’ असा दावा झाला तर तो कागद पुढे येईल, ही भीती असते. म्हणून त्यांना वगळलं जातं. बाहेर मंडप आणि आत शिफ्ट चालू, असं मी पाहिलंय आणि फार वाईट दिसतं. वाट अशी, की निमंत्रण आणि भेट ठेकेदारामार्फत त्याच्या नावाने द्यायची, खर्च कंपनीने त्याच्या बिलात धरायचा. जेवण, बस आणि शॉप फ्लोअरची फेरी मात्र सगळ्यांना एकत्र. मॅडमना हे तुम्ही सुचवलंत तर त्यांनाही वर बोलायला सोपं जाईल. मोटिव्हेशनल स्पीकर काढा. ज्याने पंचवीस वर्षं नाईट केली त्याला मोटिव्हेशन काय देणार?

हिशोबी_तात्या:
कार्यक्रम कितीही अर्थपूर्ण झाला तरी पैसे वेळेवर आले पाहिजेत. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आहे ना? कोटेशनवर नंबर छाप. पीओ (कंपनीची लेखी ऑर्डर) हातात आल्याशिवाय मंडपवाल्याला शब्द देऊ नकोस. २००६च्या एमएसएमई (लघुउद्योगांच्या) कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नसेल तर १५. मुदत उलटून पेमेंट पुढच्या आर्थिक वर्षात गेलं तर कारखान्याला तो खर्च चालू वर्षाच्या आयकरात वजा मिळत नाही. हे त्यांच्या अकाउंट्सला ठाऊक असतंच, तरी आठवण द्यायची. ५० टक्के ॲडव्हान्स माग.

मोशीची_मंडपवाली:
सगळ्यांचे आभार. काल मॅडमना भेटले. ड्रोन आणि स्पीकर गेले. चेहरा अजून गेला नाही, मालकांच्या भावाच्या ओळखीतला आहे म्हणे. शॉप फ्लोअरच्या फेरीला मालक लगेच हो म्हणाले, सेफ्टी ऑफिसरने लेखी प्लॅन मागितलाय. ठेकेदाराच्या लोकांना जेवण आणि बस पक्की. भेटवस्तूचं ‘बघू’. फिटरकाका, निवृत्तांची यादी मागितली तर कळलं की ती कुणाकडेच नाही. कॅन्टीनवाले मामा म्हणाले, “मला बहुतेकांचे पत्ते माहीत आहेत, माझ्याजवळ येऊन बस आणि लिहून घे.” उद्या जातेय.

आता एक अडलंय. आळंदी, चाकण आणि दिघी अशा तीन फेऱ्या करायच्यात, गुरुवारी दुपारी तीन ते रात्री साडेदहा. शाळेच्या बस त्या वेळी मिळत नाहीत. स्टाफ बसवाले त्या दिवशी रिकामे असतील का?

गोकुळशिरगावची_वहिनी:
सुट्टीचा वार म्हणजे रिकामेच असणार. कंपनीची रोजची स्टाफ बस ज्याची आहे त्यालाच विचार. त्याला थांबे तोंडपाठ असतात आणि गेट पासचा घोळ नाही. भाव मात्र तू कर, मॅडमना करू देऊ नकोस.