शब्दचर्चा : 'सामाईक सुविधा', 'ऋणनिर्देश' आणि प्रयोगशाळेतला उंदीर

हळदपेठ (सांगली)
नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजात यंदा विज्ञान दिनाला सगळी भित्तिपत्रकं मराठीत लावायची असं ठरलंय. आमची एक माजी विद्यार्थिनी पुण्यात पीएच.डी. करतेय, तिने आपल्या कामाचा गोषवारा पाठवला. विषय 'जनुकीय सुधारित उंदीर'. शास्त्राचा भाग कसाबसा मराठीत उतरवला, घोडं अडलंय शेवटच्या दोन ओळींत, म्हणजे ॲक्नॉलेजमेंटमध्ये. उंदीर तिच्या प्रयोगशाळेत तयार झालेले नाहीत. संस्थेच्या 'कोअर फॅसिलिटी'ने, म्हणजे सगळ्या प्रयोगशाळांनी मिळून वापरायच्या केंद्राने, करून दिले, आणि सूक्ष्मदर्शकाचं काम तिथल्याच दुसऱ्या फॅसिलिटीत झालं. मी लिहिलं, 'सामायिक उंदीर सुविधेचे आभार'. स्टाफरूममध्ये हशा. एक सर म्हणाले, "उंदरांना सुविधा, की सुविधेत उंदीर?" सुचवा काहीतरी.

माणदेशी
सुविधा म्हटलं की तहसीलमधलं सेतू केंद्र आठवतं, नाहीतर स्टँडवरचं शौचालय. त्यात 'सामायिक' लावलं की शौचालयच नक्की.

वाईकर
ताई, आधी 'सामायिक'चं बघू. सातबाऱ्यावर विहीर 'सामाईक' असते, सीईटी घेणाऱ्या सरकारी कक्षाच्या नावातही 'सामाईक' आहे. 'सामायिक' चूक नाही, पण तुमच्या सांगलीत तो शब्द काढला तर जैन घरांत दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं, समभावाने बसायचं व्रत आठवेल. म्हणून 'सामाईक'च ठेवा. सामाईक विहिरीला भाऊबंदकीचा वास येतो हे खरं, पण तिथे पाळीही असते, आणि ज्या यंत्रासाठी आठवडा आधी नंबर लावावा लागतो त्याला तो शब्द शोभतोच.

आता ॲक्नॉलेजमेंट. सरकारी कागदात त्याची 'पोच' होते, पण पोच म्हणजे माल मिळाला एवढंच. 'आभार' म्हणजे सभेच्या शेवटी, निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्यावर जे मानतात ते. ग्रंथांत 'ऋणनिर्देश' रुळलेला आहे. त्यातल्या 'ऋण'वर सगळे भाळतात. मला विचाराल तर कामाचा भाग 'निर्देश' आहे. आभार तोंडानेही मानता येतात, निर्देश करायचा तर नाव घ्यावं लागतं. आमच्या वाईत मराठी विश्वकोशाचं संपादन झालं. त्यातल्या नोंदीखाली लेखकाचं नाव असतं ते त्याचे उपकार झाले म्हणून नव्हे, मजकूर कोणाचा हे वाचकाला कळावं म्हणून.

मिरज एमआयडीसी
पण फी भरली असेल ना? मग ऋण कसलं? आम्ही जॉबवर्क करून घेतो, बिल चुकतं करतो, विषय संपला. कास्टिंगवाल्याचे आभार कुठल्या पंपावर छापलेले बघितलेत का?

पिंजऱ्याबाहेर (मूळ गाव कोरेगाव)
मी अशाच एका उंदीर-फॅसिलिटीत काम करते, म्हणून जरा लांबण लावते.

मिरजकर दादा, पंपावर आभार छापत नाहीत, पण कास्टिंगबरोबर हीट नंबर आणि टेस्ट सर्टिफिकेट मागता की नाही? पार्ट तडकला तर कुठल्या भट्टीचा ते कळायला हवं म्हणून. आमच्या उल्लेखाचं पहिलं कारण तेच. प्रयोगशाळेत सर्रास वापरतात त्या 'सी५७ ब्लॅक ६' या काळ्या उंदराचे 'जे' आणि 'एन' असे दोन उपवाण आहेत. दिसायला सारखे. पण 'जे'मध्ये एनएनटी नावाच्या जनुकाचा तुकडा गळालेला आहे, आणि 'एन'मध्ये सीआरबी१ या जनुकात असा दोष आहे की डोळ्याचा पडदा बिघडतो. समजा कोणी 'एन'वर जनुक बदलला, उंदराच्या डोळ्यात खोट दिसली आणि तिचं खापर आपण बदललेल्या जनुकावर फोडलं, तर सगळा निष्कर्षच फसला. म्हणून उंदीर कुठे झाला, कोणत्या वाणात झाला, कोणत्या पद्धतीने झाला हे छापायलाच लागतं. सविस्तर शोधनिबंधाच्या 'पद्धती' या भागामध्ये, आणि करणाऱ्याचं नाव ऋणनिर्देशात.

आता तो 'होतो' कसा? मादीला साधारण दोन दिवसांच्या अंतराने संप्रेरकांची दोन इंजेक्शनं देतात, म्हणजे एका वेळी जास्त बीजांडं मिळतात. रात्री नराबरोबर ठेवायची, सकाळी प्लग, म्हणजे समागम झाल्याची खूण असलेला घट्ट गोळा, दिसतो का बघायचं, मग फलित बीजांडं काढायची. एक बीजांड मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाएवढं. सूक्ष्मदर्शकाखाली एका बाजूने बोथट काचनळीने ते ओढून धरायचं आणि दुसऱ्या बाजूने केसाहून बारीक सुई आत घालून क्रिस्परचं, म्हणजे जनुक कापून बदलणाऱ्या साधनाचं, मिश्रण सोडायचं. सुई आत गेली की केंद्रक किंचित फुगतं. ते फुगणं दिसलं म्हणजे काम झालं, जास्त फुगवलं तर बीजांड गेलं. हात बसायला महिनेच्या महिने जातात. वाचलेली बीजांडं दुसऱ्या मादीच्या पोटात ठेवतात. तिला आधी नसबंदी केलेल्या नराबरोबर ठेवलेलं असतं, त्यामुळे तिचं शरीर गरोदर असल्यासारखं तयार होतं. १९ ते २१ दिवसांनी पिल्लं. कानाचा कण घेऊन पीसीआर, म्हणजे डीएनएची तपासणी, करायची, बदल कोणात उतरलाय ते शोधायचं. पहिल्या पिढीत बरेचदा एकाच पिल्लात काही पेशी बदललेल्या असतात, काही नसतात. म्हणजे पुन्हा पैदास, पुन्हा तपासणी. एवढं झाल्यावर शोधनिबंधात 'उंदीर आमच्या संस्थेत तयार केले' असं एका ओळीत उरकतात. 'तयार केले' म्हणे. कोणी?

फीबद्दल. बहुतेक ठिकाणी फीमध्ये सगळा खर्च निघत नाही, उरलेला संस्था आणि सरकारी अनुदान उचलतं. आपल्याकडे बंगळूरचं एनसीबीएस, पुण्याचं आयसर अशा मोजक्या संस्था हे काम करतात. अनुदान पुढे चालू ठेवायची वेळ आली की विचारतात, तुमच्या सेवेतून कोणते निबंध निघाले? नाव छापलेलंच नसेल तर आम्ही दाखवायचं काय? अमेरिकेतल्या अशा फॅसिलिटींच्या संघटनेचं, एबीआरएफचं, तर म्हणणं आहे की फी घेतली म्हणून लेखकत्वाचा हक्क बुडत नाही. कोणी प्रयोगाची आखणी केली, बिघाड शोधला, निकालाचा अर्थ लावायला मदत केली, तर तो सहलेखकही होऊ शकतो. पिंजरे बदलणारा माणूस सहलेखक होत नाही हे मान्य. पण प्रत्येकाला ऋणनिर्देशात ढकलून मोकळं होणं हा चलाखपणा झाला.

आणि ताई, एक विनंती. 'सुधारित' काढा. बियाण्याच्या पिशवीवरचा शब्द आहे तो, पीक जास्त येईल असं सांगणारा. ऑन्को-माउस नावाच्या उंदरावर १९८८ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. त्याच्यात कर्करोगाची शक्यता वाढवणारा जनुक मुद्दाम घातला होता. त्यात उंदराची काय सुधारणा झाली? 'जनुकपरिवर्तित' म्हणा.

माणदेशी
'मूषक' का नको? भारदस्त वाटतं.

पिंजऱ्याबाहेर (मूळ गाव कोरेगाव)
सांगलीत 'मूषक' लिहिलं तर लोक गणपतीच्या देवळात नारळ फोडायला जातील. उंदीरच बरा.

मिरज एमआयडीसी
हीट नंबरचं पटलं. ऋण अजून पटलेलं नाही. भट्टीचा नंबर लिहितो म्हणजे मी भट्टीचा ऋणी होत नाही.

वाईकर
दादांचा मुद्दा मला मान्य आहे. संस्थेच्या केंद्रासाठी 'श्रेयनिर्देश' बरा. ऋण माणसाचं असतं, खोलीचं आणि यंत्राचं कसलं? मात्र केंद्रातल्या कोणी वेळेबाहेर थांबून मदत केली असेल, तर त्या माणसापुरता ऋणनिर्देश जरूर करावा.

पिंजऱ्याबाहेर (मूळ गाव कोरेगाव)
त्या माणसाला विचारून मगच. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आयसीएमजेई ही समिती सांगते की ऋणनिर्देशात नाव घालण्याआधी त्या व्यक्तीची लेखी परवानगी घ्यावी. नाव दिसलं की वाचणाऱ्याला वाटतं, यांना निष्कर्ष मान्य आहेत. आमच्या एका सहकाऱ्याचं नाव न विचारता एका निबंधात छापलं गेलं होतं, आणि त्यातला निष्कर्ष त्याला साफ अमान्य होता. नंतर त्याला भेटेल त्याला खुलासे देत बसावं लागलं.

हळदपेठ (सांगली)
सगळ्यांना वाचून नवा मसुदा केलाय, बघा :

'श्रेयनिर्देश : या अभ्यासातील जनुकपरिवर्तित उंदीर संस्थेच्या सामाईक उंदीर केंद्राने तयार केले. सूक्ष्मदर्शकीय छायाचित्रण सामाईक सूक्ष्मदर्शन केंद्रात झाले. दोन्ही केंद्रांच्या अमूल्य सहकार्याबद्दल आम्ही शतशः ऋणी आहोत.'

वाईकर
'उंदीर केंद्र' चालेल, हशा झाला तरी एकदाच होईल. तिसरं वाक्य लग्नपत्रिकेतलं आहे, ते उडवा.

पिंजऱ्याबाहेर (मूळ गाव कोरेगाव)
ते उडवलं की जागा होईल, तिथे तीन गोष्टी घाला. कोणता उपवाण, अनुदान कोणाचं आणि त्याचा क्रमांक, आणि संस्थेच्या प्राणी नीतिसमितीच्या मंजुरीचा क्रमांक. मंजुरी एरवी 'पद्धती'मध्ये जाते, पण भित्तिपत्रकाला तो भाग नसतो आणि लोक पहिला प्रश्न तोच विचारतात. 'छायाचित्रण झाले' हे मात्र बदला. ते तुमच्या विद्यार्थिनीने स्वतः केलं की केंद्रातल्या कोणी करून दिलं, हे तिला फोन करून विचारा. तिने केलं असेल तर 'केंद्रातील यंत्र वापरले' एवढंच येईल.